चढणीचा मासा



डोंगरी ओढ्यातल्या दुर्मिळ माशाची गोष्ट निघाली, की इंग्रजी पुस्तके वाचलेल्या माणसाला ट्राउट आठवतो. पण तो काही आपला नव्हे. काश्मिरात आणि निलगिरीत तो इंग्रजांनी बाहेरून आणून सोडला. आपल्या वाहत्या पाण्याचा खरा मानकरी महाशीर. मोठे खवले, ओठांशी मिशांच्या दोन जोड्या, आणि अंगात धारेविरुद्ध चढण्याची रग. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराला कर्नल साइक्स यांनी 1839 साली शास्त्रीय नाव दिले.

आता आपल्या कुहीकडे वळू. पेंच सातपुड्यातून उतरते, कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेच्या भेटीला येते. म्हणजे डोंगरातला ओढा आणि आपला संगम ही एकच वाट. महाशीराचे आयुष्य याच वाटेवर अवलंबून असते. उन्हाळ्यात तो खोल डोहात राहतो. पावसाळ्यात पूर आला, की वर चढतो आणि स्वच्छ वाळू-गोट्यांत अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने त्याची अंडी थोडी. त्यांना गार, वाहते पाणी लागते. गाळ बसला, की ती गुदमरतात.

मग त्याच्या वाटेत काय येते? एक, धरण. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 साली झाली. त्याच्या पाण्याने शेती भिजते हे खरे. पण वाहती नदी तुंबली, की चढणाऱ्या माशाची वाट अडते. दुसरे, रेतीचा बेसुमार उपसा. ज्या थरात अंडी रुजायची, तोच ट्रकमध्ये भरून जातो. तिसरे, सुरुंग आणि विष. 1897 च्या मत्स्य कायद्यानेच त्यांना बंदी केली आहे. एका स्फोटात मोठा मासा मरतो, आणि बोटभर पिलेही मरतात. दोष सारा ढिवर बांधवांच्या जाळ्यावर ढकलू नये. नदी आटली, की पहिली चूल त्यांचीच विझते.

उपाय काय? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात महाशीराचे बीज तयार करण्याचे काम 1970 च्या दशकापासून झाले. पण त्यातही एक सावधगिरी हवी. तिकडचा महाशीर कावेरीत सोडला गेला, आणि तेथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडला. म्हणून ज्या नदीचा मासा, तो त्याच नदीत राखावा. राखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले महाशीर लोक वरदायिनी देवीचे मानतात आणि मारत नाहीत.

गळ टाकण्याची हौस असेल, तर गळाचा उलटा काटा घासून टाका. मासा लागलाच, तर हात ओले करून धरा, कल्ल्यांना बोट लावू नका. तोंड धारेकडे ठेवा. दम आला, की तो आपणच निसटेल.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या पुरानंतर मुलांना ओढ्यावर घेऊन जा आणि वर कोणते मासे चढतात, त्यांची नावे वहीत टिपायला सांगा. म्हाताऱ्या ढिवराला शेजारी बसवा. दरवर्षी ती वही पुढे लिहीत राहा. कोणता मासा कोणत्या साली यायचा थांबला, हे गावाला आपल्याच पोरांच्या अक्षरात कळेल. एकदा ते कळले, की चढणीच्या दिवसांत बांध घालायला आणि विष टाकायला जाणारा हात गावच अडवील.