सायकॅट्रीचं पोस्टिंग



स्नेहसंमेलनातले फिशपाँड अजून वाचायचे आहेत आणि विंगेत नऊवारी नेसलेल्या मुली ताटकळल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. म्हणून एकाच विषयावर बोलते. नर्सिंग शिकताना तुम्ही ज्याला सगळ्यात जास्त घाबरता ते सायकॅट्रीचं पोस्टिंग, म्हणजे मनोरुग्णांच्या वॉर्डातली पाळी.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही आपल्या राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. एकट्या येरवड्यात २५४० खाटा मंजूर आहेत. माझी नोकरी मनोरुग्णालयाच्या स्त्री-वॉर्डातच गेली. मुलींची नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी सगळ्या एकमेकींचे हात घट्ट धरून भिंतीला चिकटायच्या. आठवडा सरला की त्यांतलीच एखादी पेशंटची वेणी घालत बसलेली असायची. या बदलाला अभ्यासक्रमात मार्क नाहीत, पण पोस्टिंग असतं ते त्यासाठीच.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे हे पोस्टिंग थांबलं. खरं तर ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिकांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. आणि शिकाऊ परिचारिका घरी! मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, म्हणजे पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी, मोबाइलवर शिकवायची वेळ आली. एक मुलगी नर्स व्हायची, दुसरी पेशंट, आणि पेशंटला भास सुरू व्हायच्या आत रेंज जायची.

इकडे वॉर्डात आम्हीही नव्यानं शिकत होतो. जागोजागी सॅनिटायझर ठेवा, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. पण त्यात अल्कोहोल असतं आणि आमच्या रुग्णालयात दारूच्या व्यसनाचे पेशंट. लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं अचानक बंद झाली तेव्हा थरथरत, झटके येत, भास होत असलेली माणसं ठिकठिकाणच्या रुग्णालयांत आली होती. अशांच्या हाताशी सॅनिटायझरची बाटली कोण ठेवणार? ती सिस्टरच्या खिशात राहिली. मास्कच्या नाड्यांवरही लक्ष ठेवावं लागे. का, ते सुइसाइड प्रिकॉशनच्या धड्यात बघा. आणि पीपीई किट! जिला आधीच वाटतंय की लोक आपल्या वाईटावर आहेत, तिच्यासमोर चेहरा नसलेला पांढरा माणूस उभा राहतो. आम्ही दारापासूनच स्वतःचं नाव सांगत आत जायला लागलो. आवाज ओळखला की पेशंट गोळी घ्यायच्या.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेवटच्या वर्षाच्या बी.एस्सी. आणि जी.एन.एम. विद्यार्थ्यांना देखरेखीखाली कोविड ड्यूटी देण्याचा निर्णय घेतला. तुमच्या कितीतरी सीनियर तिथे राबल्या. ऑक्सिजन लावणं, पेशंटला पालथं झोपवणं यात त्या तरबेज झाल्या, सायकॅट्रीचे तास मात्र बुडाले ते बुडालेच.

थोड्याजणी आमच्याकडे परत आल्या, तेव्हा नातेवाईकांच्या भेटी बंद होत्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला फोनवर बोलण्याचा हक्क दिलाय. तो मिळवून द्यायचं काम या मुलींवर आलं. एकीनं एका आजींना मुलाचा व्हिडिओ कॉल लावून दिला. आजी स्क्रीनकडे बघत राहिल्या, बोलल्या नाहीत. फोन संपल्यावर ती मुलगी तिथेच बसून राहिली. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे पेशंटशी झालेल्या संवादाच्या नोंदीत, तिनं लिहिलं, ‘पेशंट गप्प. मीही गप्प.’ तिच्या इन्स्ट्रक्टरनं मार्क कापले. मी पैकीच्या पैकी दिले असते. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा गाभा, असं नर्सिंगच्या अभ्यासक हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं; त्या मुलीनं ते करून दाखवलं.

औषधांची नावं, साइड इफेक्ट्स, कायद्याची कलमं स्क्रीनवर छान शिकता येतात, कदाचित वर्गापेक्षा बरी. पण कुणी आपल्यावर ओरडत असताना आवाज न चढवता उभं राहणं, किंवा काहीच न बोलणाऱ्या बाईजवळ अर्धा तास बसणं स्क्रीनवर येत नाही. साथीत नाइलाज होता. आता तो नाही. तरीही ‘व्हिडिओ दाखवून भागवू’ हा सूर अधूनमधून कानावर येतो, तो मला अजिबात मान्य नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त जण उपचाराविना असल्याचं दिसलं होतं. अशा देशात या पोस्टिंगला कात्री लावणं म्हणजे कमालच म्हणायची.

प्राचार्य मॅडम, पाहुणीचा मान घेऊन एक मागते. या पोस्टिंगचा एकही दिवस कमी करू नका. आणि ज्यांची वॉर्डातली पाळी करोनात हुकली, त्यांतल्या कुणी आज क्लिनिकल इन्स्ट्रक्टर असतील, तर त्यांना मुलांना वॉर्डात सोडून लगेच परत येऊ देऊ नका. पूर्ण पाळी वॉर्डात थांबू द्या.

आणि मुलांनो, तुमची पाळी येईल तेव्हा पहिल्या दिवशी केस स्टडीची फाइल टेबलावर ठेवा, एक स्टूल ओढा आणि पेशंटजवळ जाऊन बसा. फाइल दुसऱ्या दिवशी भरली तरी चालते.