पोट दुखते, पण कुठे दुखते?



आज आम्ही पोटदुखीविषयी चार शब्द सांगणार आहोत. पोट कुणाचे दुखत नाही? खाण्यात कमीजास्त झाले की दुखते. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतेही. पण एखादे दुखणे तसे नसते. ते वेळीच ओळखले नाही, तर माणूस हातचा जातो.

'पोट दुखते' हे रोगाचे नाव नव्हे. ती नुसती हाक आहे. जठर, आतडी, पित्ताशय, गर्भाशय हे सारे पोटातच. हाक कोणाची, ते शोधावे लागते. शिवाय वय बदलले की कारणही बदलते.

तान्हे मूल घ्या. त्याला बोलता येत नाही. ६ महिने ते २ वर्षे या वयात कधी कधी आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. सदऱ्याची बाही आत दुमडावी, तसा. मूल एकाएकी कळवळून रडते, पाय पोटाशी घेते. जरा शांत होते, पुन्हा रडते. हिरवी उलटी होते. पुढे आव-रक्त पडते. रक्त दिसेपर्यंत थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. अशा मुलाला डाग देणे, बिब्बा घालणे म्हणजे दुखण्यावर आणखी दुखणे!

शाळेतल्या मुलाचे पोट जंतांनी दुखते, शौचाला खडा होऊनही दुखते. जंतांची गोळी अंगणवाडीत व शाळेत फुकट मिळते. ती जरूर द्या. पण दर वेळी जंतच असतात असे नाही. बेंबीपाशी सुरू झालेले दुखणे काही तासांनी उजवीकडे खाली सरकले, भूक मेली, उलटी झाली, बारीक ताप आला, तर ते अपेंडिक्स असू शकते. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याला असलेले करंगळीएवढे शेपूट. ते सुजते. उशीर झाला तर फुटते आणि पू पोटात पसरतो. १० ते ३० वर्षांच्या वयात हे जास्त आढळते. अशा वेळी 'पोट साफ होऊ दे' म्हणून एरंडेल पाजू नका. पोट चोळू नका.

मूल होण्याच्या वयातली बाई. पाळी चुकली आहे, ओटीपोटात दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल. नळी फुटली तर आतल्या आत रक्त जाते. बाहेर थोडेच दिसते. म्हणून बायांनो, पाळी चुकलेली लाजेपायी लपवू नका.

मधल्या वयात खड्यांचा त्रास होतो. मुतखड्याची कळ कमरेकडून जांघेत येते. माणूस तळमळतो, एका जागी राहत नाही. पित्ताशयात खडे असले, तर तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते.

म्हाताऱ्या माणसांचे निराळेच. आत मोठा आजार असूनही त्यांना ताप येत नाही, फार दुखतही नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखते, घाम सुटतो, धाप लागते. घरचे म्हणतात, ग्यास झाला. पण दुखणे हृदयाचेही असते! सोडा पाजत बसू नका. जांघेतला अंतर्गळ कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजा.

डॉक्टर आधी विचारतात. कुठे दुखते? केव्हापासून? कळ येते-जाते की सारखे दुखते? उलटी कसली झाली? शौचाला, लघवीला कसे होते? कोणत्या गोळ्या घेता? अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्याने जठरात जखम होते, म्हणून तेही विचारतात. मग हाताने पोट दाबून पाहतात. लागेल तशी लघवी, रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. निम्मे निदान तुमच्या खऱ्या उत्तरांतून होते. नाही तर 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी गत होते.

शेवटी एवढे ध्यानात ठेवा. पोट लाकडासारखे कडक झाले, दुखणे वाढतच गेले, हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, काळी शौच झाली, वारा सरेना, घेरी आली, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. वाटेत रोग्याला खाऊपिऊ घालू नका. रात्र असली तरी निघा. सकाळची वाट पाहू नका.