‘अविचाराने’ कधी म्हणावे?



सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. मुले घरी मोठ्याने वाचतात, आपण ऐकतो. त्यांच्या भाषेतला एक शब्द आज समजून घेऊ. शब्द आहे ‘अनवाइजली’.

त्याचे तीन तुकडे पाडू. ‘वाइज’ म्हणजे शहाणा. आधी ‘अन’ लावले की शहाणा नव्हे, असा अर्थ होतो. शेवटी ‘ली’ लावले की काम कसे केले ते कळते. आपला ‘अविचाराने’ हा शब्द असाच बनतो. ‘अ’ म्हणजे नाही. मग ‘विचार’. शेवटी ‘ने’.

आता नीट बघा. हा शब्द कामाला लागतो, माणसाला नाही. ‘रामा मूर्ख आहे’ म्हटलं की सारा रामाच वाईट ठरतो. ‘रामाने अविचाराने सही केली’ म्हटलं तर एक सही चुकली, एवढंच. आम्ही मास्तर मंडळी पाटीवरच्या चुकीवर रेघ मारतो. मुलाच्या नावावर मारत नाही.

पण काम फसले म्हणजे ते अविचाराने केले, असे नव्हे. पहिल्याच सरीवर पेरले, ओल पाहिली नाही, तर तो अविचार. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा, असे शेतकी खाते सांगते. तेवढा पाऊस झाल्यावर कोणी पेरले आणि मग पावसाने ओढ दिली. बी गेलं. तरी ‘अक्कल गहाण ठेवली होती का?’ असं त्याला म्हणू नये. कळण्याजोगे होते ते त्याने पाहिले होते.

उलटही होते. कोणी कागद न वाचता जामीन राहतो. कर्जदार कर्ज फेडतो आणि जामीनदार सुटतो. तरी ती सही अविचाराचीच. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, कागदात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले असते तर वसुली त्याच्या दारात आली असती.

आता आपल्याला वाचता येते. सहीच्या वरचा मजकूर आधी वाचावा. कळला नाही तर विचारावे. त्यात लाज कसली?