ग्वाल्हेरचे दिवाण राजे दिनकरराव

राज्यकारभार पाहणाऱ्या पुरुषाची परीक्षा दोनदा होते : अधिकार हाती असताना आणि अधिकार सुटल्यावर. ग्वाल्हेर संस्थानचे दिवाण दिनकरराव राजवाडे यांच्या वाट्याला दोन्ही परीक्षा आल्या.

त्यांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात झाला. घराण्याची चाकरी शिंदेशाहीत असल्याने पंधराव्या वर्षीच ते ग्वाल्हेरच्या सेवेत शिरले. १८४३ साली महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला होता. खजिना रिता, शिपाई बेशिस्त आणि रयत करांनी गांजलेली, अशा स्थितीत जयाजीराव महाराजांची दिवाणगिरी दिनकररावांकडे आली. त्यांनी जाचक कर उठविले, वसुलाची व पोलिसांची घडी बसविली आणि वेतने कमी केली. त्यांतून स्वतःचे वेतनही वगळले नाही. तुटीचा जमाखर्च अखेर शिलकीत आला.

पुढे १८५७ चा वणवा पेटला. दिनकररावांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. जून १८५८ मध्ये तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून येताच शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली. महाराज व दिवाण आग्र्यास गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली. तिच्या समाधीपुढे लोक आजही नतमस्तक होतात. दिवाणाचे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे. लोकांचा हा निवाडा अन्यायाचा म्हणता येणार नाही.

डिसेंबर १८५९ मध्ये दिवाणगिरी संपली. १८६२ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्रथमच तीन हिंदी सभासद घेतले गेले. त्यांत दिनकरराव एक होते. परंतु खरी कसोटी १८७५ साली लागली. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीसाठी तीन इंग्रज व तीन हिंदी सदस्य नेमले गेले. जयाजीराव, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव हे ते तीन हिंदी सदस्य होत. इंग्रज सदस्यांनी आरोप शाबीत धरला. हिंदी सदस्यांनी तो शाबीत मानला नाही. सरकारने गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केलेच.

ज्या सरकारची मर्जी आयुष्यभर सांभाळली, त्याला नको असलेले मत दिनकररावांनी पुराव्यावर दृष्टी ठेवून दिले. ९ जानेवारी १८९६ रोजी ते निवर्तले. १८५८ चे त्यांचे वर्तन विसरण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या शेजारी रयतेचे हलके झालेले कर आणि बडोद्याचा तो अभिप्रायही लिहिला, तरच त्यांचा हिशेब पुरा होईल.