काळा धूर

२००४ सालची गोष्ट. आईला अचानक गाडी लागू लागली. पूर्वी कधी लागली नव्हती. अर्धा तास झाला की तिचं डोकं दुखे, मळमळे. ‘वय झालं आता,’ असं आम्ही म्हणायचो.

आमची गाडी कार्ब्युरेटरची. लिटरला चौदा किलोमीटर देणारी, ती नऊवर आली होती. मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. गॅरेजवाल्यानं दोनदा कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून दिला. आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

शेवटी एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. आधी प्लग काढून दाखवला. टोकाला कोरडी काजळी, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. “निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी पडतेय,” ते म्हणाले. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण बिघडून पेट्रोल वरचढ झालं, की मिश्रण ‘रिच’ झालं म्हणतात.

त्यांनी आधी हवेची वाट तपासली. एअर फिल्टर उजेडात धरला, ठीक होता. चोकची झडप पूर्ण उघडत होती. मग कार्ब्युरेटर खोलून फ्लोट काढला. पाण्याच्या टाकीतला बॉल करतो तेच काम हा करतो : पेट्रोल भरलं की वर येऊन सुईनं वाट बंद करायची. मेस्त्रींनी तो माझ्या कानाशी हलवला. आत खळखळलं! पोकळ पितळी फ्लोटला बारीक भोक पडलं होतं. आत पेट्रोल शिरून तो जड झाला होता, आणि वाट बंदच होत नव्हती. स्क्रू पिळून हे कसं थांबणार?

डिपस्टिकवरच्या ऑइललाही पेट्रोलचा वास होता, म्हणून तेही बदललं.

मग ते गाडीखाली वाकले. सायलेन्सरच्या पाइपचा जोड फुटला होता. “मागं कोण बसतं?” त्यांनी विचारलं. मी गप्प झालो.

रिच इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची पहिली लक्षणं.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत फ्लोट नाही. पण तापमानाचा सेन्सर बिघडला, तर इंजिन थंडच आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. तेव्हा काळा धूर दिसला, तर कारण सापडेपर्यंत तपास सोडू नका आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

पुढच्या रविवारी आईला आळंदीला नेलं. उतरताना म्हणाली, “आज रस्ता बरा होता रे.”

रस्ता तोच होता.