वंध्यत्व, पुरुष आणि अवटू ग्रंथी



बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. मूल न झालेल्या स्त्रीला मराठीत ‘वांझ’, कन्नडमध्ये ‘बंजे’ आणि दखनीत ‘बांझ’ म्हणतात. तिन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘वंध्या’ या स्त्रीलिंगी शब्दात आहे. पुरुषाकरिता मात्र बोलीत असा शब्द नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द केवळ स्थिती सांगतो. ‘नपुंसक’ हा शरीरसंबंधातील असमर्थता सुचवितो. संबंध सुरळीत असूनही बीजात उणीव असू शकते, या गोष्टीला नावच नसल्याने ती कुणाच्या ध्यानात येत नाही आणि सारा दोष सुनेच्या पदरी पडतो. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणासह, आढळते.

अशा अनेक कारणांपैकी एक, सहसा दुर्लक्षित राहणारे, गळ्यात दडलेले असते. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू अर्थात थायरॉइड ग्रंथी आहे. तिचा स्राव शरीरातील चयापचयाची गती राखतो. स्राव कमी पडला की थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे ही लक्षणे दिसतात. त्यासोबत कामेच्छा मंदावते आणि शुक्राणूंची घडण बिघडू शकते. स्राव अतिरिक्त झाला तर छातीत धडधड, हाताला कंप आणि वजनात घट होते. शुक्राणूंची हालचाल मंदावते, शीघ्रपतन होते, क्वचित पुरुषाचे स्तनही वाढतात. गळा सुजून गलगंड दिसलाच पाहिजे असेही नाही. हा विकार स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, म्हणूनच पुरुषाच्या बाबतीत त्याची शंकाही घेतली जात नाही.

समाधानाची गोष्ट ही की, निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होते आणि अवटूमुळे आलेले दोष उपचारांनी बहुधा सुधारतात. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा सुधारणा दिसण्यास काही महिने धीर धरावा लागतो. पौरुष वाढविण्याच्या नावाखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मनाने घेणे मात्र घातक, कारण त्यामुळे शुक्राणूंची निर्मितीच थांबू शकते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. लोकनिंदा आणि खटले सोसूनही त्यांनी ते १९५३ पर्यंत, मृत्यूपावेतो, चालविले. त्याच १९२७ साली ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी अवटूचा स्राव, थायरॉक्सिन, प्रयोगशाळेत तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. आज हेच द्रव्य गोळीच्या रूपाने सर्वत्र मिळते. औषध गावात पोहोचले; कर्व्यांना अभिप्रेत असलेला मोकळेपणा मात्र अजून वाटेतच आहे.

वर्षभर प्रयत्न करूनही मूल होत नसेल, तर पतिपत्नींची तपासणी एकाच वेळी व्हावी. पुरुषाची तपासणी तुलनेने सोपी आणि कमी खर्चाची असते. नवससायास, उपास आणि दुसऱ्या लग्नाची कुजबुज यांच्या आधी तिचा क्रम लागला, तर कित्येक सुना एका निष्कारण शब्दाच्या ओझ्यातून मुक्त होतील.