पदवीनंतरची दोन वर्षे

(अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना येथील नेत्रतपासणी शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी रुग्णालयाच्या नेत्रविभागातील डॉक्टरांनी केलेले भाषण. उपस्थित विश्वस्तांच्या सूचनेवरून ते या अहवालात देत आहोत.)



शिबिराच्या उद्घाटनाला डॉक्टरने थोडक्यात आटोपते घ्यावे, अशी प्रथा आहे. मंडपातील निम्म्या मंडळींच्या डोळ्यांत थेंब घातलेले असतात आणि त्यांना भाषणापेक्षा तपासणीची घाई असते. आज मात्र मी ही प्रथा थोडी मोडणार आहे. गेल्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला विचारले होते, "डॉक्टर, आम्ही पैसे देतो ते गरिबाच्या मोतीबिंदूसाठी. एम. एस. झालेला, म्हणजे पूर्ण शिकलेला डॉक्टर. त्याला पुन्हा दोन वर्षे शिकवण्यावर आमचे पैसे का खर्च करता?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आज सगळ्यांसमोर उत्तर देतो.

या गावाचे नाव २०२३ सालापासून महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहे. त्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे ते येथून जालन्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे रुग्ण घेऊन निघणाऱ्या माणसांविषयी. तेथे पोचल्यावर त्यांना डोळ्यांचा डॉक्टर भेटतो. पण त्यांना हवा असलेला डॉक्टर भेटतोच असे नाही.

आपल्या देशात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदूची मोठी योजना राबवली गेली आणि तिच्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. मंडपात शस्त्रक्रिया करून जाड भिंगाचा चष्मा देण्याचे दिवस मागे पडले. आता मंडपात फक्त तपासणी होते, रुग्णाला रुग्णालयात नेतात आणि डोळ्यातच भिंग बसवतात. हे फार मोठे काम आहे आणि ते अजून संपलेले नाही. २०१५ ते २०१९ या वर्षांत झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे आहे. तेव्हा मोतीबिंदूसाठी दिलेली आपली देणगी योग्य ठिकाणी जात आहे, याविषयी शंका नसावी.

पण त्याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा फारसा कोणी वाचत नाही. सुमारे ७ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेले आहे. म्हणजे माणूस आमच्यापर्यंत पोचला, आमच्या टेबलावर झोपला आणि तरीही आंधळा राहिला. उरलेल्यांत बुबुळावर पडलेले फूल आहे, काचबिंदू आहे, पडद्याचे आजार आहेत. हे सारे मोतीबिंदूच्या शिबिरातून रिकाम्या हाताने परत जाणारे रुग्ण होत. त्यांच्या कार्डावर आम्ही 'पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात' असे लिहितो. हे वाक्य मी माझ्या हाताने किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही.

एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षे एम. एस. किंवा डी. एन. बी. केले की नेत्रतज्ज्ञ तयार होतो. या तीन वर्षांत तो चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, डोळे येणे, काचबिंदूची ओळख, पापणीच्या लहान शस्त्रक्रिया असे पुष्कळ शिकतो. डोळा केवढासा, त्याला तीन वर्षे पुरेशी नाहीत काय, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटत होते. म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगणे मला सोपे नाही.

पदवी घेऊन मला वर्षही झाले नव्हते. गोदाकाठच्या एका गावातील आजी सहा आठवड्यांचे नातवंड घेऊन आल्या. बाळ सातव्या महिन्यात जन्मलेले, बरेच दिवस काचेच्या पेटीत होते. कोणीतरी "डोळे दाखवून घ्या" म्हणाले होते, एवढेच त्यांना माहीत होते. मी हातातल्या लहान दुर्बिणीने बाळाचे डोळे पाहिले. बाहुली मोठी करणारे थेंब घातले नाहीत. मधला भाग लालसर, स्वच्छ दिसला. मी म्हणालो, "आजी, डोळे छान आहेत." चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा दोन्ही बाहुल्या पांढऱ्या दिसत होत्या. पडदा पूर्ण सुटला होता. पुढे मोठ्या शहरातही त्यावर काही होऊ शकले नाही. आजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, कारण मी चुकलो हे त्यांना कळलेच नव्हते.

मी पाहिले ते खोटे नव्हते. पण जिथे आजार होता तिथे मी पाहिलेच नव्हते. डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भात मधून कडेकडे वाढत जातात आणि ते काम शेवटच्या आठवड्यांत पुरे होते. बाळ फार लवकर जन्मले की ते अर्धवट राहते. मग काही बाळांमध्ये कडेला भलत्याच रक्तवाहिन्या फुटतात, त्यांचे जाळे आकसते आणि पडद्याला ओढून सोडवते. बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी १९४२ साली या आजाराचे प्रथम वर्णन केले. कडेचा पडदा पाहायला डोक्याला बांधायची दुर्बीण, हातात धरायचे भिंग आणि बाळाला इजा न करता डोळा हळूच फिरवण्याचा हात लागतो. दुर्बीण दुकानात मिळते. हात मिळत नाही. तो कोणाच्या तरी शेजारी उभे राहून, शेकडो बाळे पाहूनच येतो.

ती डोक्याला बांधायची दोन डोळ्यांची दुर्बीण १९४०च्या दशकात डॉ. चार्ल्स शेपेन्स या बेल्जियन डॉक्टरांनी घडवली. पुढे ते बॉस्टनला स्थायिक झाले. आपल्याकडचे एक तरुण डॉक्टर, एस. एस. बद्रीनाथ, त्यांच्या हाताखाली पडद्याचे आजार शिकले, मायदेशी परतले आणि १९७८ साली त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय उभारले. हैदराबादचे डॉ. गुल्लपल्ली राव अमेरिकेत बुबुळाच्या आजारांत पारंगत होऊन आले आणि १९८७ साली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था निघाली. मदुराईत डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले होते. या संस्थांनी लाखो शस्त्रक्रिया केल्या हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते त्यांचे खरे ऋण वेगळे आहे. पूर्वी ज्या विद्येसाठी बॉस्टनला जावे लागे, ती त्यांनी मराठी, तेलुगू, तामिळ मुलांना रेल्वेच्या तिकिटाएवढ्या अंतरावर आणून दिली.

या शिक्षणाला फेलोशिप म्हणतात. एकच शाखा निवडायची: पडदा, बुबुळ, काचबिंदू, मुलांचे डोळे व तिरळेपणा, किंवा पापण्या व अश्रुमार्ग. शाखेनुसार त्याला एक ते दोन वर्षे लागतात. पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची स्वतंत्र पात्रता आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही काही फेलोशिप अभ्यासक्रमांना मान्यता देते. बाकी पुष्कळशा फेलोशिप त्या त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर चालतात. त्यामुळे पाटीवरच्या अक्षरांवर फार विसंबू नये. आपण कुठे, किती दिवस आणि नेमके काय शिकलात, असे डॉक्टरला खुशाल विचारावे. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

मीही त्या आजींच्या प्रसंगानंतर परराज्यात जाऊन दोन वर्षे शिकलो. पहिले काही महिने नुसते पाहायचे, मग बकऱ्याच्या डोळ्यांवर हात बसवायचा. त्यानंतर खऱ्या शस्त्रक्रियेतील एकच पायरी करायची आणि उठून खुर्ची गुरूंना द्यायची. एम. एस. होऊन आलेल्या माणसाला हे उठणे फार जड जाते. माझे गुरू कधी ओरडले नाहीत. ते फक्त हातमोजे घालून शेजारी येऊन उभे राहत, म्हणजे उठायचे असे समजावे. संध्याकाळी नोंदवहीत लिहायचे: काय केले, काय चुकले, कोणी सावरले.

या शिक्षणाचा या गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या देशात ठरलेला नियम असा आहे की, ज्या बाळाचे जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी आहे किंवा जे ३४ आठवड्यांच्या आत जन्मले आहे, त्याच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळ फारच लहान, म्हणजे १२०० ग्रॅमपेक्षा कमी किंवा २८ आठवड्यांच्या आतले असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. आजार उपचाराच्या टप्प्यावर आला, तर दोन-तीन दिवसांत लेसर किंवा इंजेक्शन व्हावे लागते. अशी तपासणी वेळेवर न झाल्यामुळे दृष्टी गेलेल्या तामिळनाडूतील एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मूल जन्मले होते १९९६ साली.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडा. दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातून कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. पेटीतून बाहेर आलेले बाळ तिसाव्या दिवशी कुठे असते? आईबरोबर कारखान्याच्या कोपीत, किंवा येथे आजीजवळ. त्या तिसाव्या दिवशी पडदा पाहू शकणारा माणूस जिल्ह्यात नसेल, तर कार्डावरचे 'मोठ्या रुग्णालयात' हे शब्द कोणाच्या कामाचे?

बुबुळाचेही तसेच आहे. उसाचे पाचट लागते, कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागते, मळणी यंत्राजवळ कण उडतो. रुग्ण मेडिकलवरून थेंब आणतो. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, आणि आत बुरशी असेल तर तीच औषधाने माजते. बुबुळाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर प्रथम जखमेचा किंचित अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बुरशी दिसली तर औषध वेगळे, जिवाणू दिसले तर वेगळे. ही तपासणी स्वस्त आहे आणि निकाल बहुधा त्याच दिवशी हाती येतो. ती न झाल्याने पुढे नेत्ररोपणाची वेळ येते, आणि रोपणासाठी दान केलेले डोळे वाट पाहणाऱ्यांच्या मानाने नेहमीच कमी असतात.

देणगीदारांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. एका मोतीबिंदूचा खर्च दिला की एका माणसाला दिसू लागते, आणि त्याचा फोटो आपण अहवालात छापतो. डॉक्टरच्या दोन वर्षांचा खर्च दिला, तर पहिली दोन वर्षे छापण्यासारखा एकही फोटो मिळत नाही. विद्यावेतन, राहण्याची खोली, डोक्यावरची दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, लेसर यंत्र, आणि सर्वांत महाग म्हणजे शिकवणाऱ्याचा वेळ: त्या वेळात तो स्वतः दुप्पट रुग्ण तपासू शकला असता. हे नुकसान मान्य करूनच मी ते मागतो आहे.

विश्वस्तांची शंका निराळी आहे: शिकून तो पुण्या-मुंबईला निघून जाईल. काही जातील. करारपत्राने माणूस दोन-तीन वर्षे अडकतो, राहत नाही. मी परत आलो तेव्हा माझ्यासाठी लेसर यंत्र यायला बराच काळ गेला आणि त्या काळात मीही दोनदा राजीनामा लिहून फाडला. हत्यार नसेल तर शिकलेला हात विसरतो. डॉक्टर पाठवण्यापूर्वी तो परत आल्यावर बसणार कुठे, हे ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांची भीती. "शिकाऊ डॉक्टर आमच्या आईच्या डोळ्याला हात लावणार का?" होय, लावणार. हे लपवणे मला मान्य नाही. पण तो एकटा लावणार नाही. मुख्य डॉक्टर शेजारी हातमोजे घालून उभे असतील, कोणती पायरी कोणी करायची हे आधी ठरलेले असेल आणि हे तुम्हाला शस्त्रक्रियेपूर्वी मराठीत समजावून सांगितले जाईल. तुम्ही नको म्हणालात, तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही. धर्मादाय रुग्णालयात येणाऱ्या गरिबाच्या डोळ्यावर शिकायचे आणि पैसेवाल्याच्या डोळ्यावर कमवायचे, असा प्रकार जगात चालतो हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे खाट मोफत असो वा पैशाची, नियम एकच असावा, असा ठराव विश्वस्तांनी करावा असे मी येथेच सुचवतो.

बोलणे लांबले. पुढे बसलेल्या आजींच्या बाहुल्या एव्हाना चांगल्या मोठ्या झाल्या असतील. आशाताईंना एकच काम सांगतो. गेल्या तीन महिन्यांत या पंचक्रोशीत दोन किलोखालची किंवा अपुऱ्या दिवसांची जी बाळे जन्मली, त्यांची नावे, जन्मतारीख आणि आई सध्या कोणत्या कारखान्यावर आहे, हे लिहून दुपारपर्यंत माझ्याकडे द्यावे. ज्यांचे तीस दिवस अजून व्हायचे आहेत, त्यांची नावे वर लिहा. जी बाळे गावातच आहेत, त्यांना आजच चार वाजता शाळेच्या मागच्या खोलीत घेऊन या. खिडक्यांना पडदे लावून ती अंधारी करायला सांगितली आहे. बाळाला तासभर आधी दूध पाजून घ्यावे, ऐन तपासणीच्या वेळी पाजू नये.